माजरीची तापलेली माती आणि विशाखाबाई

विशाखाबाईंना मी प्रथम भेटले ती चंद्रपूरच्या महाविद्यालयात, प्रवेश घ्यायला गेले तेव्हा. मी पोंभुर्ण्याची. सूक्ष्मजीवशास्त्र म्हणजे काय, हेही मला ठाऊक नव्हते. "काऊन घेतला हा विषय?" बाईंनी विचारले. "दुसरीकडे जागा नव्हती," मी खरे ते सांगून टाकले. बाई मनापासून हसल्या. आज मी हाच विषय शिकवते.

माजरीजवळच्या एका जुन्या, बंद खाणीत जमिनीखाली कोळसा धुमसत असतो. वरची माती हात ठेववणार नाही इतकी तापते. त्या उष्णतेत राहणाऱ्या आर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा बाई अभ्यास करतात. हे जीव प्रयोगशाळेत वाढवता येत नाहीत. म्हणून मातीतून त्यांचा डीएनए काढायचा, त्याचे तुकडे संगणकावर जुळवायचे आणि सापडलेल्या जनुकांवरून हा जीव काय खाऊन जगत असावा, ते ताडायचे. "जनुक म्हणजे नुसती कुवत. वापर होतो म्हणायला पुरावा हवा," असे बाई आम्हाला बजावत. खाणीलगतच्या वस्तीतल्या कमलबाईंच्या परसातूनही आम्ही अशी तापलेली माती आणली होती.

हिवाळ्यातल्या एका दुपारी आमचा पहिला जनुकसंच जुळून आला. त्यात कार्बन मोनॉक्साइडवर जगण्याची जनुके ठळक दिसत होती. मी आनंदाने ओरडलेच. बाईंकडे पाहिले, तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला.

"ही माती कमलबाईंच्या परसातली ना?"

"हो."

"आपण माती घ्यायला गेलो तेव्हा त्यांचं डोकं दुखत होतं."

म्हणजे खालच्या धुमसत्या कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड त्यांच्या घरात शिरत असणार. ना रंग, ना वास. बंद खोलीत माणसाला झोपेतच मारणारा हा वायू. तरी मी म्हटले, "पण बाई, ही तर नुसती कुवत..."

"निबंधाला पुरावा लागतो. दार ठोठावायला एवढं पुरे आहे."

खाणीतल्या सुरक्षेचे काम केलेले एक परिचित गृहस्थ होते. त्यांना प्राणवायूचा मुखवटा आणि वायू मोजायचे यंत्र घेऊन यायला सांगून बाई निघाल्या. आम्ही पोचलो तेव्हा मजुरी करणाऱ्या कमलबाई अंगणात भांडी घासत होत्या.

"काऊन जी बाई, एवढ्या घाईनं?"

"घरात कोण हाय?"

"आमचे हे. थंडी हाय ना, दार लावून झोपून राह्यले."

दार उघडताच यंत्र किंचाळू लागले. ते गृहस्थ मुखवटा लावून आत शिरले. बाईंनी बाहेरून खिडकीचा तट्टा उपटून काढला. कमलबाईंच्या यजमानांना अंगणात आणून निजवले, तेव्हा हाक मारूनही ते डोळे उघडत नव्हते. बऱ्याच वेळाने ते पुटपुटले, "मले काऊन उचललं?" कमलबाई मातीतच बसल्या आणि मोठ्याने रडू लागल्या. बाईंनी त्यांचा हात धरला होता.

यजमान दवाखान्यातून बरे होऊन आले. वस्तीच्या त्या टोकाची घरे दुसरीकडे हलेपर्यंत बाई कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिल्या. शोधनिबंधात मात्र त्यांनी 'हा जीव या वायूवर जगत असावा' एवढेच लिहिले. मी हट्ट धरला, तर म्हणाल्या, "माणूस वाचला म्हणून जनुकाचा पुरावा होत नाही." पुढे ती माती, तोच वायू भरलेल्या गरम बाटल्यांत बंद करून ठेवली. माती जशीच्या तशी ठेवलेल्या बाटलीत वायू घटत गेला. जीव मारलेल्या मातीच्या बाटलीत तो तसाच राहिला. मग कुठे बाईंनी 'असावा' शब्द खोडला.

बाईंना साठ वर्षे पूर्ण झाली, त्यानिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे. त्यात काय लिहू, असे मी कमलबाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "लिहा, आमचं आयुष्य बाईले लागो." शेजारीच बसलेल्या बाई एकदम रागावल्या, "तुमचं तुमच्यापाशीच राहू द्या!"

तेव्हा बाईंना त्यांचे स्वतःचेच आयुष्य भरभरून मिळो. तापलेल्या मातीपाशी बसून नमुने घेण्याइतके गुडघे धड राहोत, आणि नजर आजच्याइतकीच तीक्ष्ण राहो, हीच आम्हा सर्वांची इच्छा.