तीन नंबरची केबल

घरात तिला सगळे काटकोन म्हणत. तोंडावर नाही. तोंडावर म्हणायची छाती एकट्या धाकट्या भावाची होती, आणि तो गेली सहा वर्षं तिच्याशी बोललेला नव्हता.

नाव तिला शोभायचंही. पाठ ताठ, बोलणं त्याहून ताठ, आणि जन्मभराचा धंदा रेघा मारण्याचा. नकाशे काढण्याचा कोर्स करून ती नोकरीला लागली तेव्हा ऑफिसात पलंगाएवढे लाकडी ड्रॉइंग बोर्ड होते. मग पहिला कॉम्प्युटर आला. साहेब म्हणाले, आधी पुरुष मंडळी शिकतील, बायकांचं नंतर बघू. तिला 'नंतर' हा शब्द कधीच पचला नाही. तिने कुठल्याशा बँकेच्या भंगारातला बंद कॉम्प्युटर घरी आणला, जमिनीवर चादर पसरली आणि दहावीला दुसऱ्यांदा आपटून कोपऱ्यात बसलेल्या भावाला हाक मारली, "ठोंब्या, रडून झालं असेल तर इकडे ये. स्क्रूड्रायव्हर धर. आज दोघं मिळून शहाणे होऊ."

झालेही. पुस्तकातलं एक अक्षर ज्याच्या डोक्यात शिरत नव्हतं, त्याला मदरबोर्डवरची वाट न वाट कळायला लागली. पुढे ठोंब्याने सुट्या भागांचं दुकान काढलं. तिने नोकरी सोडली आणि घरी बसून लोकांच्या स्वयंपाकघरांची, कपाटांची चित्रं काढायला लागली. सुतारालाही कळतील आणि गिऱ्हाइकालाही, अशी चारी बाजूंनी फिरवून बघायची चित्रं. त्यासाठीचा कॉम्प्युटर तिने स्वतःच्या हाताने जोडला आणि स्वतःच वाढवत नेला. कॅबिनेटला ती डबा म्हणायची. 'माझ्या डब्यात कोणी हात घालायचा नाही' हा घरचा कायदा होता. मागच्या सात केबलींवर तिने चिकटपट्टीचे तुकडे लावून एक ते सात नंबर टाकले होते, आणि ज्या त्या भोकाशेजारी तोच नंबर. धूळ काढायला डबा उघडला की परत जोडताना डोकं चालवायला नको. एकला एक, दोनला दोन.

पाणी मुरत होतं ते नेमकं इथे.

सहा वर्षांपूर्वी, तिच्या पन्नाशीला, ठोंब्या ग्राफिक्स कार्ड घेऊन आला. कॉम्प्युटरच्या जगात चित्रं हलवायचं काम या कार्डाचं. तिची मोठी चित्रं फिरवताना अडखळत, धापा टाकत, म्हणून त्याने हौसेने आणलं. "ताई, मी लावून देतो," म्हणाला. "कायदा विसरलास?" ती म्हणाली. तो गेल्यावर तिने कार्ड स्वतः बसवलं, केबली नंबराप्रमाणे जोडल्या, सुरू केलं. कार्डाचे पंखे गरगर फिरले. चित्र मात्र तसंच. अडखळतंय, धापा टाकतंय.

मग तिने खोकं निरखलं. सील कापलेलं होतं.

ठोंब्या दुसऱ्या दिवशी आला. तिने कापलेलं सील पुढे केलं, तसा तो शपथा घ्यायला लागला. "अगं, सील मीच कापलं! तुझा डबा लहान. कार्ड मावेल का, ते टेपने मोजून बघितलं."

"पंखे फिरतात आणि काम शून्य. कोणीतरी पिळून घेतलेलं दिसतंय. स्वतःच्या बहिणीला उष्टं वाढतोस होय रे?"

उष्टं. त्या शब्दावर तो उठला. चपला अर्धवट पायात अडकवून जिना उतरला. पुन्हा बोललाही नाही, ती घरात असताना आलाही नाही.

ती तरी कशाला नमते? आई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्याच घरी होती. दर दोन दिवसांनी विचारायची, "ठोंब्या येत का नाही गं? काय झालं तुमचं?" ही म्हणायची, "त्यालाच विचार." ठोंब्या आईला भेटायचा, पण ही कामासाठी बाहेर पडली की मगच. आई गेली त्या दिवशी दोघं तिच्या दोन बाजूंना उभी होती आणि मान वर करून एकमेकांकडे बघितलं नाही. त्याला दोन वर्षं झाली.

परवाच्या दुपारपर्यंत हे सगळं तिच्या मते बरोबर होतं.

परवा तिने डबा नव्याने जोडायला घेतला. नवा मदरबोर्ड, नवा प्रोसेसर, रॅमच्या दोन पट्ट्या. कार्ड मात्र तेच ठेवलं. नाही मामापेक्षा काणा मामा बरा, म्हणून. प्रोसेसरवर मोहरीएवढी पेस्ट, वर पंखा, चारी स्क्रू आलटून पालटून आवळलेले. मागच्या भोकांशेजारी जुन्याच क्रमाने नव्या चिकटपट्ट्या लावल्या, नंबर टाकले, सातही केबली जोडल्या आणि बटण दाबलं.

पंखे फिरले. पडदा काळा.

बंद केलं, चालू केलं. काळा. रॅम काढली, घातली. काळा. तासाभराने तिने ते केलं जे ती कधी करत नसे: माहितीपुस्तिका उघडली. त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं की या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोय नाही, मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावा, मदरबोर्डला लावू नका.

कार्डालाच म्हणजे?

तिने टॉर्च घेतला, गुडघ्यांवर बसली आणि डब्याची पाठ फिरवली. वर मदरबोर्डाची भोकं, आणि त्यांतल्या एकात तीन नंबरची केबल, मॉनिटरची. कार्ड यायच्या आधीपासून तीन नंबर तिथेच होता. खाली, आडवं, कार्ड. त्याला मॉनिटरसाठी तीन भोकं. तिन्हींवर काळी रबरी टोपणं. कारखान्यात बसवतात तशी, नवी कोरी, घट्ट.

टॉर्च हातातून सुटला आणि कपाटाखाली गडगडत गेला. तिने तो उचललाच नाही.

सहा वर्षं! सहा वर्षं ते कार्ड डब्यात नुसतं पंखे हलवत बसलं होतं आणि तिने त्याला एका चित्राला हात लावू दिला नव्हता. दर साफसफाईला तिने, या हातांनी, तीनला तीन जोडलं होतं. आणि वापरलेल्या कार्डावर ही टोपणं राहतील कशी? उष्टं कसलं, त्याला कोणाचं तोंडही लागलं नव्हतं.

नवरा चष्म्याच्या दुकानातून जेवायला आला तेव्हा ती तशीच जमिनीवर होती.

"अगं, काय झालं? चक्कर आली का?"

तिने नुसतं बोट दाखवलं. जन्म लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढण्यात गेलेला तो माणूस वाकला, चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिला. कळायला त्याला जरा वेळ लागला. कळल्यावर तो बाजूच्या स्टुलावर टेकला.

"म्हणजे ठोंब्या खरं..."

"हो."

"आणि आईंना तू..."

"ते नका काढू!" ती ओरडली. मग एकदम हळू, "अहो, तुम्ही तरी बघायचं होतं."

"मी? तू मला त्या डब्याच्या चार फुटांत येऊ दिलं आहेस का कधी?" तो म्हणाला. "टोपणं काढून लावून तर बघ."

"हात लावू नका! तशीच न्यायची."

रिक्षात तिने डबा मांडीवर धरला होता, मॉनिटर नवऱ्याच्या मांडीवर. नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा तिची पाठ वाकलेली पाहिली.

ठोंब्या दुकानात एकटाच होता, काउंटरवर कोणाचा तरी पंखा उघडून बसलेला. तिला बघून उठला आणि उठल्यावर काय करावं ते न सुचून तसाच उभा राहिला. कानांवरचे केस पांढरे झाले होते. हे तिला माहीतच नव्हतं.

"ताई?"

"काही बोलू नकोस. आधी मागची बाजू बघ."

त्याने दिवा ओढला. बघितलं. "अगं, ही तीन नंबरची केबल कुठे..." आणि थांबला. त्याचं बोट खाली सरकलं. "टोपणं."

"हो."

"तिन्ही."

"मोजता येतं मला." सवयीने तोंडातून गेलं आणि तिने ओठ चावला. "उष्टं नव्हतं रे. चूक माझी. सगळी माझी. आई विचारत राहिली आणि मी..."

तिला वाटलं होतं तो ओरडेल. हसेल कदाचित, हसण्यासारखंच होतं. पण ठोंब्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. हातातला स्क्रूड्रायव्हर त्याने फार जपून खाली ठेवला.

"ताई, मी काकांना लबाड म्हणालो."

काका म्हणजे ठोक मालाचे व्यापारी. ठोंब्याला दोन वर्षं शेजारी बसवून ज्यांनी धंदा शिकवला ते.

"कधी?"

"त्याच आठवड्यात. त्यांच्या दुकानात, भर गिऱ्हाइकांत. म्हटलं, वापरलेला माल नवा म्हणून माझ्या गळ्यात मारलात. ते बिचारे म्हणत होते, अरे, सीलबंद दिलंय मी. मी ऐकलंच नाही. त्यानंतर त्यांच्या दारात गेलेलो नाही."

"अरे, पण मला तर तू शपथा घेऊन सांगत होतास, नवं आहे म्हणून!"

"सांगत होतो. मग घरी जाऊन विचार केला." त्याने तिच्याकडे बघितलं. दहावीत आपटलेला मुलगाच पुन्हा समोर उभा होता. "म्हटलं, ताई म्हणते म्हणजे असेलच. सील काय, कोणीही परत चिकटवतं. तुझं कधी चुकलंय?"

तिने काउंटरची कड धरली. इतका वेळ तिला वाटत होतं की आपल्यामुळे काय काय गेलं ते तिने पुरतं बघितलं आहे. दाराशी मॉनिटर धरून उभ्या नवऱ्याने हळूच तो खाली ठेवला.

"लाव," ती म्हणाली.

"मी?"

"मग डबा तुझ्यापुढे कशाला आणलाय? घाल हात."

ठोंब्याने तीन नंबरची केबल उपसली. एक टोपण काढलं. सहा वर्षं बसलेलं, निघताना चुटकीसारखं वाजलं. केबल आत गेली. पडदा उजळला, तिच्या अर्धवट स्वयंपाकघराचं चित्र उघडलं, आणि त्याने माउस फिरवला तसं ते ओट्यासकट, कपाटांसकट, पाण्यावर सोडलेल्या होडीसारखं वळलं. एकदाही अडखळलं नाही.

"बघ ना गं," तो म्हणाला.

ती बघत नव्हती. तिने ते काळं टोपण उचलून पर्समध्ये टाकलं आणि पाठ सरळ केली.

"काका आहेत ना?"

"आहेत. बसतात अजून दुकानात. पण ऐकू कमी येतं त्यांना आता."

"मग मोठ्याने सांगावं लागेल," ती म्हणाली. "भर गिऱ्हाइकांत. ऊठ, शटर ओढ."