गळ्यातला पट्टा

चिनी मातीच्या बाहुलीला हात लावण्यापूर्वी म्हात्रेकाका तिच्यासमोर मांडी घालून बसत आणि विचारत, "काय गं बाय, कुठं लागलं?" शारजातल्या आमच्या जुन्या युरोपियन वस्तूंच्या दुकानात ते दुरुस्तीला होते. त्याआधी पेणला गणपती रंगवायचे. मी तिथे नवीन, वस्तूंची माहिती लिहायला. नवऱ्याची नोकरी सुटलेली, त्यामुळे नवरा, लेकरू आणि मी, तिघांचा व्हिसा माझ्या नोकरीवर होता.

एकदा चिनी मातीच्या बाहुल्यांची एक जोडी आली. कोचावर गोरी बाई, तिच्या पायाशी कपबशी घेऊन गुडघे टेकलेला काळा मुलगा. ओठ लालभडक, डोळे बटाट्यासारखे, एक हात मोडलेला. मी झटकन लिहिलं, "सोनेरी कंठा घातलेला गोड सेवक", आणि काकांना वाचून दाखवलं.

"कंठा नाय पोरी, पट्टा हाय तो. मागं कडी बघ. विकत घेतलेल्या पोरांच्या गळ्यात घालायचे हे लोक."

"पण काका, असं लिहिलं तर घेईल कोण?"

"तुझ्या स्थळाच्या कागदावर रंग काय लिहिलेला?"

"गव्हाळ," मी म्हणाले. मी चांगली काळी. दोघंही पोट धरून हसलो, आणि हसता हसता माझे डोळे भरले. त्या 'गव्हाळ'पायी तीन मुलगे मला बघून चहा अर्धा टाकून उठले होते.

मला वाटलं, काका निदान चेहरा तरी सौम्य करतील. छे! हात सांधला, चेहरा तसाच ठेवला. "घडवणाऱ्यानं पोराची थट्टा केली. ती मी पुसली तर त्याचंच फावलं. दिसू दे." मग मीही लिहिलं, "गुलाम मुलगा. गळ्यात पट्टा."

ठरलेलं गिऱ्हाईक ते वाचून निघून गेलं. मालक उखडला. "किसने लिखा?"

"मैंने लिखवाया, सेठ," काका म्हणाले. "लडकी तो मना कर रही थी."

मी बोलायला हवं होतं. घर डोळ्यांपुढे आलं आणि गप्प राहिले.

महिनाअखेर त्यांचा व्हिसा कॅन्सल झाला. विमानतळावर मी माफी मागू लागले तर म्हणाले, "माझं वय झालं, खलास. यल्ला, चल, घरी जा. पोर वाट बघत असंल."

दुसऱ्या दिवशी मी मालकाला सांगितलं, शब्द माझे होते.

"मालूम है," तो म्हणाला. "उसीने कहा था, एक को निकालना है तो मुझे निकालो."

सख्ख्या काकांनी माझ्यासाठी एवढं केलं नसतं. हे उपकार फिटायचे नाहीत. ती जोडी अजून दुकानात आहे. कागद बदल, असं मालकाने दोनदा सांगितलं. मी बदललेला नाही.