चिठ्ठीत आलेली बाजू
कापराचा वास आला की मला बेंगळुरूत सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीतला तो गणेशोत्सव आठवतो. आरतीनंतर वादविवाद स्पर्धा होती आणि विषय होता इस्रायल-पॅलेस्टाईन संघर्षाचं मूळ काय, तोडगा काय. कोणी कुठल्या बाजूने बोलायचं, ते नेहमीसारखं चिठ्ठ्या टाकून ठरलं. इस्रायलची बाजू मिळालेले काका शतकानुशतकं हाकलल्या गेलेल्या लोकांबद्दल, त्यांना हव्या असलेल्या सुरक्षित घराबद्दल बोलले आणि भरपूर टाळ्या मिळाल्या. माझ्या नवऱ्याला दुसरी चिठ्ठी आली होती. सरकारी संशोधन संस्थेतल्या नोकरीबद्दल घरातही अवाक्षर न काढणारा हा माणूस हिरावलेल्या जमिनीबद्दल, दोन स्वतंत्र देशांबद्दल असा काही बोलला, की मांडव चिडीचूप झाला. टाळ्या मात्र जपून वाजल्या. प्रसाद घेताना शेजारच्या अक्का, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूच्याच, माझ्याजवळ सरकल्या. "तुमचे यजमान स्वल्प जास्तच मनापासून बोलले, नाही?" मी म्हटलं, "चिठ्ठीत आलं ते बोलले." "सरी, सरी, बरोबर आहे," म्हणत त्या हसल्या, पण त्यांच्या मिस्टरांनी मोबाइलवर फक्त माझ्या नवऱ्याचंच भाषण रेकॉर्ड केलेलं मी पाहिलं होतं. घरी आल्यावर मी आधी बाल्कनीचं दार लावलं आणि हळूच विचारलं, "खरं सांग, तुझं स्वतःचं मत काय?" चपला काढता काढता तो थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग लावलेल्या दाराकडे. "कोण विचारतंय?" तो म्हणाला. अजूनही आरतीला कापूर पेटला की मी चोरून त्याच्या चेहऱ्याकडे बघते, तर तो आधीच माझ्याकडे बघत असतो.