ब्लेझ अंकलचा जिगो

केटरिंगवाल्याकडे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. लोक जेवून जातात, भांडी घासून होतात, किस्से मात्र मागे उरतात! मी वसईतल्या ब्लेझ अंकलकडे ऑर्डरचे फोन घेतो आणि टेम्पो चालवतो, त्यामुळे माझ्याकडे तर ढीग झालाय. त्यातले निम्मे एकट्या जिगोचे.

जिगो म्हणजे मटणाचा मागचा पाय, अख्खाच्या अख्खा भाजलेला. फ्रेंच शब्द. अंकल बरीच वर्षं जहाजावर कुक होते, तिथून त्यांनी तो आणला. तिकडे कोकराचा करतात, आपल्याकडे बोकडाचा.

मेन्यूकार्डवर नुसतं 'जिगो' छापलेलं. मी म्हटलं, "अंकल, कंसात अर्थ तरी लिहा. कोणाला कळणार?"

"कळलं तर फोन कशाला करतील?" अंकल म्हणाले.

फोन खरंच यायचे. अर्थ विचारायचे आणि चिकन बिर्याणी सांगायचे!

•

आमचा मटणवाला सलीमभाई. त्याला अख्खा पाय सांगितला, तर हो हो म्हणत, गप्पा मारत त्याने बारा तुकडे करून पिशवीत भरले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा अंकल स्वतः समोर उभे राहिले, तरी सुरा खाली आलाच.

"अरे, अख्खा पाहिजे बोललो ना!"

"अंकल, असा पाय माझ्या दुकानातून बाहेर गेला, तर लोक बोलतील, सलीमला कापायचा कंटाळा आला!"

शेवटी अंकलनी त्याच्या हातातून सुराच काढून घेतला.

•

एव्हरशाइन कॉम्प्लेक्समधल्या एका देशमुख वहिनींनी धाडस करून जिगो मागवला. मी घरी पोचवून आलो. अर्ध्या तासात फोन.

"भाऊ, छान दिसतंय हो. पण रस्सा टेम्पोतच राहिला का?"

मी अंकलना विचारलं. ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

•

आमच्या ओव्हनमध्ये पाय मावत नसे. मग अंकल गावातल्या बेकरीत, पावाच्या भट्टीत जिगो भाजायचे. एकदा वालीवच्या एका कारखानदारासाठी गुरुवारी भाजला. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस, शुक्रवारी मटण बंद. आणि शुक्रवारी सकाळी गावभर पावाला लसूण-मटणाचा घमघमाट!

शेजारची म्हातारी रेमेत मावशी घाबरून फादरकडे गेली. "फादर, पावाला मटणाचा वास येत होता. पाप लागलं का मला?"

फादर म्हणाले, "वास आला त्यात तुझं काय पाप? पण तू परत जाऊन दुसरी लादी आणलीस, त्याचं काय?"

•

यावर अंकलच्या मिसेस, मार्था आंटी, भडकल्या. "तीन वर्षं झाली. एका माणसाने तरी जिगो दुसऱ्यांदा मागवला? ईस्टरनंतर नवीन कार्ड छापायचंय. तोपर्यंत कोणी परत मागवला तर ठीक, नायतर ती लाइन गेली!"

 अंकलचा चेहरा बघवेना. मला खरंच वाईट वाटलं.

ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी सांडोरला एका जोडप्याच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता. मुलाने हौसेने जिगो सांगितला. ही शेवटची संधी! अंकलनी पांढरा कोट, उंच टोपी, सगळं चढवलं. जिगो इतका सुरेख झाला की मोठ्या परातीतून आणला तेव्हा मांडवात टाळ्या पडल्या. अंकलनी एक काप काढून दाखवला. आत हलका गुलाबी, अगदी तिकडच्यासारखा. मग ताटं आणायला आम्ही टेम्पोकडे गेलो.

सगळं उतरवून अर्ध्या तासाने परत आलो तर परात रिकामी!

घरची मोठी सून धावत आली. "अंकल, टेन्शन नका घेऊ. आतून कच्चा राहिला होता, कोणाला दिसायच्या आत उचलला. तुकडे करून कांदा-खोबऱ्यात कुकरला लावलाय. पाच शिट्ट्या झाल्या!"

अंकल मटकन खुर्चीत बसले. मार्था आंटींनी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला.

जेवणं झाली. उत्सवमूर्ती म्हातारीने अंकलना हाताला धरून जवळ बसवलं. तोंडात एकही दात नाही, पण ताट चाटूनपुसून साफ.

"ब्लेझ, किती वर्षांनी मटण पोटभर खाल्लं रे! पुढच्या महिन्यात नातीचं लगीन हाय, तेव्हा पन हेच कर. काय बोलतात याला?"

अंकलनी मार्था आंटीकडे पाहिलं. कुकरकडे पाहिलं. डोक्यावरची टोपी सरळ केली.

"जिगो!"