दुखण्याचा भाव

"दुखणं दहापैकी किती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि मी दहा सांगितलं.

होतं सहा, फार तर सात. पण पहिल्या तोंडी खरा आकडा कोण सांगतो? मी म्हशींचा व्यापारी. आपण चढं सांगायचं, समोरच्यानं पाडून मागायचं, मग दोघं मध्ये कुठंतरी भेटतात. बाईंनी काही पाडलंच नाही. दहा ऐकून मान हलवली आणि भारी गोळी लिहून दिली. ही गोष्ट मी त्यांना अजून माफ केलेली नाही.

दुखणं उजव्या हाताचं. राधानगरीकडची एक म्हैस गाडीत चढवताना बुजली. कासरा माझ्या मनगटाला वेढलेला, ती पळाली आणि मी मागं फरफटत गेलो. जखम भरली, हाड जुळलं, प्लास्टर निघालं आणि त्यानंतर खरं दुखणं सुरू झालं. शर्टाची बाही घासली तरी उकळतं तेल सांडल्यासारखं व्हायचं. पंख्याचा वारा सोसवेना. आणि दिसायला हात धडधाकट, त्यामुळं कुणाला पटतही नाही.

आमच्याकडं सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं धरून भाव सांगायचा. किती बोटं धरली, कशी दाबली, यावर आकडा ठरतो. भोवती माणसं उभी असतात, पण कळतं दोघांनाच. मध्येच हात काढून घेतला की सौदा मोडला. डावा हात चालत नाही. म्हैस म्हणजे लक्ष्मी, तिचा व्यवहार डाव्या हातानं कोण करेल? बापानं मला ना शेत ठेवलं ना दुकान. घर आणि गोठा दोन्ही या उजव्या हातानं उभं केलं. तो बाद झाला तर बाजारात मी नुसता चहा पिऊन परत येणारा माणूस.

गोळी अफूच्या जातीची होती. सुरुवातीला तिनं कमाल केली. टॉवेलखाली माझा हात पुन्हा पूर्वीसारखा चालू लागला. मग तिचा जोर दुपारपर्यंतही पुरेना झाला. मी परत गेलो, पुन्हा दहा सांगितलं, तशी गोळी वाढली. पुढं तर दहा हा खराच आकडा झाला. आधी मनगटापर्यंत असलेली आग कोपरापर्यंत चढली. वर डोकं जड. टॉवेलखाली समोरच्यानं किती बोटं धरली तेच चटकन कळेना. एक चांगली दुभती म्हैस मी अशीच पडत्या भावात घालवली आणि घरी येऊन बायकोवर ओरडलो.

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "सुईच्या म्हशीगत झालंय तुमचं."

"काय म्हणालीस?"

"खोटं हाय व्हय? सुई टोचल्याबिगर पान्हा न्हाई. आनि रोज सुई मोठी."

ताट भिरकावून द्यावंसं वाटलं. पण बोलली ती माझ्याच धंद्यातलं. रोज सुई टोचून दूध काढलेली म्हैस मी कास बघून ओळखतो आणि फुकट दिली तरी घेत नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत मी आवाज चढवला. "मी धा म्हणालो, तर तुमी सा म्हणायचं न्हाई? काय घासाघीस हाय का न्हाई?"

बाई आधी थक्क झाल्या, मग त्यांना हसू आलं. "अहो, दुखणं तुमचं. मी कशी कमी करून मागू?"

"मग इचारता कशाला?"

त्यावर त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि मला समजावलं. म्हणाल्या, दुखावलेली शीर कारण नसताना निरोप धाडत राहते. कण्यातल्या आणि मेंदूतल्या पेशींना या गोळीसाठी जणू दारं असतात, गोळी तिथून तो निरोप दाबते. पण रोज जास्त गोळी यायला लागली की पेशी काही दारं आत ओढून घेतात आणि उरलेली नीट उघडत नाहीत. दुसरीकडं निरोप पुढं पोचवणारी रसायनं वाढतात. म्हणजे दाबावं तसं शरीर जास्त ओरडतं. कधी कधी गोळीच दुखणं वाढवते.

"मंजे आजच बंद करतो."

"एकदम नाही. हळूहळू उतरवायची. शिरेसाठी दुसरं औषध देते. मधले दिवस वाईट जातील."

"किती वाईट?"

"तो आकडा तुम्ही मला सांगायचा," बाई म्हणाल्या. "आणि या वेळी खरा."

गोळ्यांचं पाकीट बायकोनं तांदळाच्या डब्यात ठेवलं. ती देईल तेवढीच. मधले दिवस गेले ते असे की बसलो तर उठावं वाटे, उठलो तर बसावं. जांभया, अंगावर काटा, नाकाला पाणी. गोठ्यात जाऊन म्हशींवर खेकसायचो, त्या शांतपणे रवंथ करायच्या, त्याचाही राग यायचा. तरी बाजार चुकवला नाही. एकदा का जागा सोडली की तिथं दुसरा उभा राहतो.

अशाच एका बाजाराला सीमेकडचा एक व्यापारी माझ्या म्हशीवर नजर ठेवून होता. कपाळाला विभूती, बोलणं साखरेचं, पकड लोहाराची.

"का ओ अण्णा, घाम कशाचा? म्हशीत खोट हाय काय?"

विकणाऱ्याला घाम फुटला की बाजार संशय घेतो. चार माणसं लगेच जवळ सरकली.

"खोट तुज्या डोळ्यांत हाय. हात आण."

त्यानं टॉवेल टाकला आणि माझी बोटं धरली. डोळ्यांपुढं लाल झालं. मी ओरडलो, "आई गं! भाड्या, जरा लाज बाळग की!"

माणसं हसली. माझा तापटपणा सगळ्यांच्या ओळखीचा. त्याला वाटलं, भाव पाडून मागितला म्हणून मी भडकलो.

"बरं बरं, तापू नका अण्णा," म्हणत त्यानं आणखी एक बोट धरलं.

आता डोकं साफ होतं. कुठलं बोट, किती दाबलं, सगळं लख्ख कळत होतं आणि सगळं जळत होतं. भाव पटण्यासारखा होता. होय म्हणून हात सोडवून घेता आला असता. मी दात आवळले, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि मान आडवी हलवून अजून एक बोट मागितलं.