घरच्या घरी चेटूक

रोज सकाळी चहात साखर ढवळताना ज्युलियाना चमचा आधी उजवीकडून फिरवी, मग तितकाच डावीकडून. तिचा नवरा लिओनार्ड याच्या इंग्लंडात छापलेल्या पुस्तकांत लिहिलं होतं की घरात जे काही ढवळायचं ते सूर्याच्या दिशेने ढवळावं, म्हणजे बरकत येते. पण ऑस्ट्रेलियातला सूर्य उत्तरेच्या बाजूने जातो, म्हणजे इंग्लंडच्या उलट. मग खरी दिशा कोणती, यावर लिओनार्डचा अभ्यास चालू होता. ज्युलियाना नर्स होती, तिला सकाळच्या शिफ्टला पोचायचं असे. ती दोन्हीकडून ढवळून मोकळी होई.

दोघंही वसईचे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सिडनीजवळ टूनगॅबीला आले. लिओनार्ड रेल्वेत ड्राफ्ट्समन होता आणि मनापासून बेसूर गायचा. चर्चच्या गायनमंडळात त्याला कुणीतरी फार गोड शब्दांत खुर्च्या लावायचं काम सुचवलं, तेव्हापासून त्याने चर्चला जाणं सोडलं. पुढे लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत त्याला चेटकाच्या पुस्तकांचं एक खोकं मिळालं आणि एका रविवारी, जेवणाच्या टेबलावर, त्याने जाहीर केलं, “आजपासून आपण पेगन. चर्चच्या आधीचे, सूर्य आणि निसर्ग पूजणारे.”

“आपण म्हणजे कोण कोण?” ज्युलियानाने विचारलं.

“अख्खी फॅमिली.”

“मासे चालतात ना त्यांच्यात?”

“चालतात.”

“मग वाढ भात.”

त्यांची मुलगी कार्मेल तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. ती म्हणाली, “डॅड, प्लीज डोन्ट टेल एनीवन ॲट स्कूल.” एवढंच तिचं धर्मांतर.

टीव्हीवर कोपऱ्यात मरियामातेची मूर्ती होती. शेजारी लिओनार्डने काकाकुव्याचं पीस, एक शिंपला आणि हिरवी मेणबत्ती मांडली आणि मूर्ती आत नेऊ का, म्हणून विचारलं. ज्युलियाना म्हणाली, “ती आधीपासून राहते. नवीन आलेत त्यांनी सरकून बसावं.”

घरगुती चेटूक म्हणजे प्रत्यक्षात असं होतं की लिओनार्ड वाचायचा आणि ज्युलियाना करायची. दाराबाहेर मीठ तिनेच टाकलं आणि तिथलं गवत जळाल्यावर ते खरवडून माती तिनेच बदलली. खिडकीत रोजमेरी तिने लावली आणि मटणात घातली. झाडू दाराआड उलटा उभा करायचा हे तिला पुस्तकाआधीच ठाऊक होतं. तिच्या आईकडे नको असलेला पाहुणा उठावा म्हणून तो तसाच उभा करत. रविवारी मात्र ती कार्मेलला घेऊन चर्चमध्ये मिसाला जाई, आणि येताना लिओनार्डसाठी पेपर आणी.

पहिल्या वर्षी पुस्तकात दिल्याप्रमाणे त्याने हिवाळ्यातल्या सर्वांत लांब रात्रीचा सण डिसेंबरमध्ये केला. ओंडका जाळायला घरात शेकोटी नव्हती म्हणून विजेचा हीटर लावला. बाहेर चाळीस डिग्री. तिघंही हीटरभोवती घामाने निथळत बसली आणि लिओनार्ड सूर्याला परत येण्याची विनंती करत होता.

“लेनी,” ज्युलियाना शेवटी म्हणाली, “तो कुठे गेलेलाच नाहीये.”

त्यानंतर लिओनार्डने सगळे सण सहा महिने पुढे ढकलले.

त्याला खरी खंत वेगळीच होती. इतक्या वर्षांत त्यांच्या घरी कुणी म्हणून आलं नव्हतं. चर्च सुटल्यावर वसईचे लोकही तुटले होते. ८१च्या जूनमध्ये त्याने लायब्ररीच्या बोर्डावर कार्ड लावलं: वर्षातल्या सर्वांत लांब रात्रीचा सण, सूर्यास्ताला, सर्वांचं स्वागत. मग रोज कामावरून आला की तो फोनजवळ बसू लागला. ज्युलियाना ते बघत होती. कार्डावर फोननंबर घालायला तो विसरला होता हे तिला माहीत होतं, आणि ते त्याला सांगायचा तिला धीर होत नव्हता. कुणीच आलं नाही तर हा माणूस पुन्हा खुर्च्या लावणाराच राहील, असं तिला वाटे. तेव्हा आपल्या नवऱ्याकडे चेटकिणी याव्यात म्हणून तिने संत अंतोनीची नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, धरली.

कार्डावर पत्ता मात्र होता, आणि लोक आले. शाळेच्या कँटीनमधून रिटायर झालेली मार्जोरी, जांभळ्या कोटात. जवळच्या कॅसल हिलचं एक तरुण जोडपं. आणि दुर्बीण घेऊन एक दाढीवाला, ज्याची समजूत होती की हे खगोल मंडळ आहे.

थंडी होती, म्हणून खिडक्या बंद करून दिवाणखान्यातच वर्तुळ केलं. लिओनार्ड म्हणाला, उजवीकडून. मार्जोरी म्हणाली, “इथे डावीकडून, लव्ह. सूर्य बघ ना.” तो तिच्याकडे बघत उजवीकडून निघाला, ती डावीकडून निघाली, आणि टीव्हीपाशी दोघांची टक्कर झाली. मेणबत्ती पडली. दाढीवाला दुर्बिणीची पिशवी बंद करू लागला. तरुणाने टेबलावरच्या गाडीच्या किल्लीकडे पाहिलं. लिओनार्डचे कान लाल झाले होते. चर्चमधून शेवटचा घरी आला तेव्हा झाले होते तसे.

“दृष्ट लागलीय,” ज्युलियाना मोठ्याने म्हणाली. “बसा सगळे. दोन मिनिटांचं काम आहे.”

पाहुणे आदराने बसले. तिने मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घेतल्या, लिओनार्डवरून उतरवल्या आणि तापलेल्या तव्यात टाकल्या. बंद घरात जो खकाणा उठला, त्याने मार्जोरी पहिली पळाली. मागोमाग सगळे परसात, डोळे पुसत, खोकत.

“हे कसलं चेटूक?” मार्जोरीने श्वास घेत विचारलं.

“आईचं. दृष्ट असेल तर मिरची जळूनही ठसका लागत नाही. नसेल तर लागतो.”

“मग आत्ता तर…”

“म्हणजे लेनीवर कुणीसुद्धा जळत नाही.”

दाढीवाला हसला आणि खोकला, मग सगळेच. शेवटी लिओनार्डही. किल्ल्या आत धुरात होत्या, त्यामुळे जाता कुणालाच येईना. ज्युलियानाने तोंडावर ओढणीसारखा टॉवेल बांधून स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताटं बाहेर दिली: भात, सरंग्याची आमटी, तळलेले मासे. दाढीवाल्याने परसात दुर्बीण लावून सगळ्यांना शनी दाखवला. लिओनार्डने सूर्यासाठी पाठ केलेलं गाणं म्हटलं, आणि मार्जोरी त्याच्याहून बेसूर निघाली.

“नेक्स्ट मंथ?” जाताना तरुणाने विचारलं.

“नो वरीज,” लिओनार्ड म्हणाला. हे इथल्या लोकांचं वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला.

मग ते दर महिन्याच्या एका शनिवारी येत राहिले. दिशेचा वाद मिटला नाही. फक्त फिरण्याआधी जेवायचं असं ठरलं, आणि जेवल्यावर कुणी फिरलं नाही.

८८ साली ज्युलियानाच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. शुक्रवारी तिला आत नेण्याआधी लिओनार्ड तिचा हात धरून उभा होता. त्या ऑपरेशनमधून ती परत आली नाही. स्ट्रेचर हलताना तिने मान वळवली आणि म्हणाली,

“उद्या मार्जोरीला ती खालची खुर्ची देऊ नको, तिला उठता येत नाही त्यातून.”