डेरिव्हेटिव्ह आधी कोणी शिकवायचं?

अहमदपूरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवते. स्टाफरूममध्ये विशाखा मॅडम आणि रुद्रेश सर माझ्या दोन्ही बाजूंना बसतात, त्यामुळे त्यांचं भांडण मी पहिल्यापासून ऐकलंय.

विशाखा मॅडम मूळच्या नांदेडच्या, शिकवतात गणित. एक पायरी गाळली तरी मार्क कापणार, मग तो कोणाचाही मुलगा असो. रुद्रेश सर फिजिक्सचे. उदगीरच्या कापड दुकानदारांच्या घरातले, पण गल्ल्यावर बसायला कंटाळून शिक्षक झालेले. आवाज असा, की वर्गाबाहेर उभं राहिलेलं पोरगंही शिकून जाईल.

भांडण पुस्तकांवरून होतं. नीट आणि जेईई या प्रवेशपरीक्षा देशभर एकच. त्यांचा अभ्यासक्रम दिल्लीत ठरतो आणि आपल्या राज्याची पुस्तकंही त्याच मापाला आणलेली. त्यामुळे अकरावीच्या फिजिक्समध्ये सुरुवातीलाच डेरिव्हेटिव्ह, म्हणजे एखाद्या क्षणीचा बदलाचा दर, लागतं, कारण त्याशिवाय वेग नीट सांगताच येत नाही. गणिताच्या पुस्तकात मात्र ते पार दुसऱ्या भागात. तिथं पोचेपर्यंत दिवाळी होऊन जाते.

"मॅडम, तेवढं आधी घ्या की," जुलैत रुद्रेश सर म्हणाले. "मी कानडीत बोलून राहिलो असं पोरं बघून राहिलीत."

"लिमिट न शिकवता डेरिव्हेटिव्ह? ते माझ्याकडून होणार नाही, सर."

"मग मीच शिकवतो."

"शिकवा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच शिकवायला घेतलं. दोघांच्या वर्गांमध्ये प्लायवूडचं पार्टिशन. "वेळ लहान घ्या," सरांचा आवाज आला, "अजून लहान. इतका लहान, की शून्यच धरा. अन् आता त्यानं भागा!"

विशाखा मॅडम हातातलं गणित अर्धवट टाकून पलीकडच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"शून्यानं भागताय?"

सर जरा गोरेमोरे झाले, मग हसले आणि खडू पुढे केला. "तुम्हीच सांगा मग, कशानं भागू?"

मॅडमनी खडू घेतला. वेळ शून्य होत नाही, शून्याच्या जवळ जवळ जातो, आणि तसतसं उत्तर एका आकड्याकडे सरकतं, हे त्यांनी एकेक पायरी मांडून दाखवलं. पहिल्या बाकावरच्या वर्षाराणीनं हात वर केला. ही मुलगी गणित सोडून नुसतं बायॉलॉजी ठेवणार होती.

"मॅडम, पण ते सरकताना दिसतं का?"

मॅडम पुन्हा फळ्यावरच्या पायऱ्यांकडे वळल्या. सर मात्र खुलले. "हाव, दिसतं की! उद्या दाखवतो."

मग व्हरांड्यात पत्र्याची पन्हाळ तिरकी लावली. त्यावरून लोखंडी गोळी सोडायची, मोबाईलवर चित्रण करायचं आणि ती कुठल्या क्षणी कुठं होती ते मोजायचं. मुलं माप सांगत होती, मॅडम फरशीवर बसून भागाकार करत होत्या. वेळेचा तुकडा लहान होत गेला, तसा वेगाचा आकडा एका ठिकाणी येऊन टेकायला लागला. मॅडमनी डोक्याला हात लावला.

"इतकी वर्षं फळ्यावर काढतेय मी हे," त्या म्हणाल्या. "पळताना आज पाहिलं."

गोळी पुन्हा सोडा म्हणून मुलांच्या आधी त्याच मागे लागल्या.

प्राचार्य सिद्रामप्पा सरांना हा प्रकार कळला. "एका तासाला दोन मास्तर? अन् पोर्शन कोण संपवणार?"

"पुस्तक बदलत नाही सर, फक्त क्रम बदलतेय," मॅडम म्हणाल्या. "दिवाळीनंतरचा धडा आत्ता घेते."

"पोर्शन मागं राहिला तर मला सांगू नका," असं बजावून त्यांनी परवानगी दिली.

पोर्शन मागं राहिला नाही. उलट दिवाळीनंतर तो धडा आला तेव्हा मुलं "मॅडम, हे झालंय" म्हणून ओरडायला लागली, आणि वाचलेले तास मॅडमनी अवघड गणितांना दिले. वर्षाराणीनं गणितही ठेवलं आणि बायॉलॉजीही. "डोक्याला ताप होईल," असं आई म्हणाली, तर "होऊ दे," म्हणाली.

यंदा जूनमध्ये विशाखा मॅडमनी फिजिक्सच्या प्रयोगशाळेची किल्ली मागितली. त्रिकोणमिती शिकवायला त्यांना झुलता लंबक हवा होता.

"देतो," रुद्रेश सर म्हणाले, "पण वस्तू जागच्या जागी ठेवायची."

मॅडमनी प्रयोगशाळेतल्या टेबलावरच्या पसाऱ्याकडे एकदा बघितलं. "जागा कुठली आहे त्याची, ते सांगा आधी."